मुखवट्याची मागची बाजू

कागदाच्या लगद्याचा, प्लास्टिकचा, कसलाही मुखवटा घ्या आणि उलटा धरा. नाक पलीकडे आणि आतला खोलगट भाग तुमच्याकडे, म्हणजे घालणाऱ्याचा चेहरा जिथे बसतो ती बाजू. हातभर अंतरावरून पाहिलंत तर खड्डा खड्डाच दिसेल. आता तो तसाच कशाला तरी टेकवून ठेवा, आठ-दहा पावलं मागे जा आणि एक डोळा मिटा. खड्डा नाहीसा होतो. तिथे एक व्यवस्थित फुगीर चेहरा असतो, नाक तुमच्याकडे रोखलेलं. डावीकडे सरका, तो डावीकडे वळतो. उजवीकडे सरका, तोही उजवीकडे. प्लास्टिक जागचं हललेलं नसतं.

माझ्या टेबलासमोर असा एक मुखवटा कायमचा उलटा टांगलेला आहे. आलेल्या माणसाला वाटतं मी तो चुकून असा लावलाय, आणि दोन मिनिटांनी तेच माणूस खोलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत असतं.

रिचर्ड ग्रेगरी नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने हा भास जगभर पोहोचवला. त्यासाठी त्याने चार्ली चॅप्लिनचा गरगर फिरणारा मुखवटा वापरला. मुखवट्याची पाठ समोर आली की तो भलत्याच दिशेने फिरू लागल्यासारखा दिसतो. कारण सांगायला सोपं आहे. जन्मल्यापासून आपण हजारो चेहरे पाहिले आणि त्या सगळ्यांची नाकं बाहेर होती. डोळ्यांनी कितीही सांगितलं की सावली उलट्या बाजूला पडलीय, तरी मेंदू ते ऐकून घेत नाही. आत गेलेलं नाक मान्य करण्यापेक्षा उजेड खालून येतोय असं मानणं त्याला परवडतं. गंमत म्हणजे सगळं ठाऊक असूनही काही फरक पडत नाही. ग्रेगरीलाही तो चेहरा फुगीरच दिसायचा. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्किझोफ्रेनियाचे रुग्ण मात्र या भासाला फारसे फसले नाहीत. त्यांना पोकळ ते पोकळ दिसलं. ज्यांच्याबद्दल आपण ‘वास्तवाचं भान सुटलंय’ असं म्हणतो, त्यांना या एका बाबतीत तरी वास्तव आपल्यापेक्षा नीट दिसत होतं.

मुखवट्याविषयी लिहायला बसलं की ‘त्यामागचा खरा चेहरा’ वगैरे आपोआप बोटांवर येतं. त्याचा मला कंटाळा आला आहे. खरा चेहरा, खोटा चेहरा, गळून पडलेला मुखवटा... सगळा भार घालणाऱ्यावर, जणू बघणारा तिथे नुसता तिकीट काढून बसलाय. माझा अनुभव उलटा आहे. मुखवट्याचं निम्म्याहून जास्त काम बघणारा करतो.

जपानच्या नो नाटकात हे सहाशे वर्षांपासून माहीत आहे. नोचे मुखवटे हिनोकी नावाच्या सरूच्या जातीच्या लाकडात कोरतात. तरुण स्त्रीचा मुखवटा पाहिला तर पहिल्यांदा निराशाच होते. ना हसू, ना रडू. ओठ किंचित उघडे, भुवया कपाळावर फार वर रंगवलेल्या, नजर कुठेच नाही. शिवाय आकाराने चेहऱ्यापेक्षा लहान, त्यामुळे पुरुष नटाची हनुवटी आणि गालाच्या कडा खाली सरळ दिसतात. लपवण्याचा खटाटोपच नाही. नट रंगमंचावर येण्याआधी आरशाच्या खोलीत बसतो, मुखवट्याला वाकून नमस्कार करतो, तो चढवतो आणि आरशात स्वतःला बघत राहतो. आणि मग त्या निर्विकार लाकडाकडून काम करून घेतो ते केवळ मानेच्या हालचालीने. मुखवटा जरासा वर उचलला तर त्याला ‘उजळणं’ म्हणतात, जरासा खाली झुकवला तर ‘झाकोळणं’. दोन-चार अंशांचा फरक. कोरलेल्या पापण्यांची, ओठांची सावली बदलते आणि समोरच्या माणसाला वाटतं, हिच्या डोळ्यांत पाणी आलं.

हे वाटणं सगळ्यांना सारखं नसतं. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नो मुखवट्याची वेगवेगळ्या कोनांतली छायाचित्रं जपानी आणि ब्रिटिश लोकांना दाखवली होती. मुखवटा तोच, कोन तेच. तरी कोणता चेहरा आनंदी आणि कोणता उदास, यावर दोन्हीकडच्या लोकांचं सगळीकडे जुळलं नाही.

आणि आत बसलेल्या नटाला काय दिसतं? जवळजवळ काहीच नाही. डोळ्यांची भोकं इतकी बारीक असतात की रंगमंचाच्या कोपऱ्यातला एक खांब तो खूण म्हणून धरून चालतो. तो खांब काढला तर नट थेट प्रेक्षकांत. म्हणजे बाई रडताना शेकडो लोकांना दिसतेय आणि जो रडवतोय तो खांब शोधतोय. मला हे दृश्य फार आवडतं.

बघणारा माणूसच असावा लागतो असंही नाही. सुंदरबनात वाघ मागून झडप घालतो. म्हणून 1980च्या दशकात मध आणि लाकूड गोळा करायला जाणाऱ्यांना डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे लावायला दिले. निदान सुरुवातीची वर्षं तरी त्याचा चांगला उपयोग झाला. हा मुखवटा घालणाऱ्याने स्वतःच्या चेहऱ्यावर कधी लावून पाहिलेलाही नसतो; पाठीमागे कोण आहे त्याच्यासाठीच तो असतो.

वाघ फसला, तसा कावळाही. कावळ्यांची गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. 2006 साली सिअ‍ॅटलमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या आवारात जॉन मार्झलफ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गुहामानवाचा रबरी मुखवटा घालून काही कावळे पकडले, त्यांच्या पायांत कडी घातली आणि सोडून दिले. एवढंच. त्यानंतर तो मुखवटा घालून कुणीही आवारातून चालायला लागलं की कावळे डोक्यावर गोळा होऊन शिव्या घालायचे. आत बाई असो, पुरुष असो, जाडा असो, बारीक असो, राग मुखवट्यावर. तुलनेसाठी अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष डिक चेनी यांचा मुखवटा घालूनही माणसं फिरवली. त्यांच्याकडे कावळ्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. कावळ्यांना राजकारण कळत नसावं. पुढे वर्षांमागून वर्षं गेली, तरी ओरडणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. जे कधी पकडले गेले नव्हते तेही ओरडत होते, आणि जे त्या दिवशी अंड्यातही नव्हते तेसुद्धा.

मुखवटा पाहायला तरी लागतो. आवाजाच्या जगात तो कानाच्या आतच तयार होतो. रात्री पंखा बंद झाला की अचानक घड्याळाची टिकटिक ऐकू येते. घड्याळ तर आधीपासून चालूच होतं, त्याचा आवाज कानापर्यंत पोहोचतही होता. पंख्याने तो झाकला होता, ‘मास्क’ केला होता. कानाच्या आत शंखासारखी वळलेली एक नळी असते. तिच्या दाराशी उंच स्वर उमटतात आणि पार टोकाला खर्ज. खर्जाची लाट टोकाला पोहोचेपर्यंत दाराजवळचा सगळा भाग हलवत जाते. म्हणून मोठा खालचा स्वर वरच्या नाजूक स्वरांना सहज गिळतो, उलट मात्र तेवढं होत नाही. ढोलापुढे टाळी ऐकू येत नाही, ती अशी. आणखी चमत्कारिक भाग काळाचा आहे. मोठा आवाज थांबल्यानंतरचा क्षणभर तर बारीक आवाज ऐकू येत नाहीतच. पण मोठा आवाज सुरू होण्याच्या काही मिलिसेकंद *आधी* आलेला बारीक आवाजही पुसला जातो. जे ऐकलं ते मागाहून ‘ऐकलंच नाही’ होतं.

यावर एक अख्खा उद्योग उभा राहिला. सीडीवरचं गाणं सेकंदाला साधारण 1,411 किलोबिट मागतं. एमपी3 ते 128 मध्ये बसवतं, म्हणजे अकरा भागांतले दहा भाग फेकून देतं. काय फेकायचं? जे शेजारच्या मोठ्या आवाजाने तसंही झाकलं जाणार आहे ते. जर्मनीत कार्लहाइन्झ ब्रॅन्डनबुर्ग हे तंत्र घडवत होता तेव्हा त्याला सगळ्यात जास्त कशाने रडवलं असेल, तर वाद्यांशिवाय गाणाऱ्या एका बाईच्या आवाजाने. मोठ्या वाद्यमेळात चुका दडायला जागा मिळते; उघड्या गळ्याला असा आडोसा नसतो. आपण वर्षानुवर्षं जी गाणी ऐकून गहिवरलो त्यांचा बहुतेक भाग तिथे नव्हताच, हे कळल्यावर मला थोडं ओशाळल्यासारखं झालं होतं. मग वाटलं, ओशाळायचं काय त्यात. नोच्या प्रेक्षकाचंही तेच होतं.

झाकल्यामुळे दिसतं, हा दुसरा प्रकार खगोलशास्त्रज्ञांचा. समोरून गाडीचा दिवा डोळ्यांवर आला की आपण हात आडवा धरतो आणि मग रस्त्याच्या कडेचं माणूस दिसतं. बर्नार लिओ या फ्रेंच माणसाने 1930च्या सुमारास सूर्याला असाच हात आडवा धरला. सूर्याभोवतालचा प्रभामंडळ सूर्यबिंबापेक्षा सुमारे दहा लाख पटींनी मंद. तोवर तो बघायचा तर खग्रास ग्रहणाची वाट पाहायची, ते जिथे असेल तिथे बोचकी बांधून जायचं आणि नेमक्या वेळी ढग यायचे. लिओने दुर्बिणीच्या आतच एक चकती बसवून कृत्रिम ग्रहण लावलं. नुसत्या चकतीने भागत नाही हे त्याच्या लक्षात आलं. भिंगाच्या कडेवरूनही प्रकाश वळून आत शिरतो, म्हणून त्या कडेला झाकायला आणखी एक आडोसा. भिंगावरचा धुळीचा कणसुद्धा घात करतो, म्हणून पिरेनीज पर्वतातल्या पिक द्यू मिदीच्या स्वच्छ हवेत मुक्काम. 2023 साली निघालेल्या आदित्य-एल1 यानावरचं मुख्य उपकरण याच घराण्यातलं. जेम्स वेब दुर्बिणीत तर सात भोकांची एक जाळी आहे. एवढ्या खर्चाने, एवढ्या लांब नेऊन जमवलेल्या प्रकाशातला सुमारे 85 टक्के प्रकाश ती अडवते. उरलेल्या सात झोतांच्या एकमेकांत मिसळण्यातून अगदी जवळजवळ असलेल्या दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात. जास्त उजेडात ते जमत नाही.

बाकीचे उल्लेख भराभर करते, कारण शब्द तोच असला तरी त्यांत माझा जीव फारसा रमत नाही. कॉम्प्युटरची चिप ‘मास्क’मधून प्रकाश पाडून कोरतात. जनुकांच्या अभ्यासात माणसाच्या डीएनएतला पुन्हा पुन्हा येणारा जवळपास निम्मा भाग आधी झाकून ठेवतात, नाहीतर शोधाशोधीत तोच तो सापडत राहतो. फोटो धारदार करायचा तर त्याचीच एक धूसर प्रत घेऊन मूळ फोटोतून वजा करतात, हे मला अजूनही जादूसारखं वाटतं. आणि भाषा शिकणारी यंत्रं. 2018 साली आलेल्या बर्ट या प्रारूपाला वाक्यांतले सुमारे 15 टक्के शब्द झाकून देत आणि ‘सांग बघू इथे काय असेल’ असं विचारत. गाळलेल्या जागा भरा! शाळेत ज्या प्रश्नाला आपण सगळ्यात सोपा समजायचो, त्यावर यंत्रं भाषा शिकली.

गाळलेली जागा भरायची खोड आपल्यालाही आहे, हे साथीच्या काळात कळलं. मास्क लावलेल्या एखाद्या नव्या ओळखीच्या माणसाने पहिल्यांदा मास्क खाली केला की आपण चमकायचो. हा असा दिसतो? नाक-तोंड आपण मनात आधीच बसवून टाकलेलं असायचं, आणि बहुतेक वेळा जरा जास्तच देखणं.

त्या मास्कचं मूळ काम मात्र बघणाऱ्यावर अवलंबून नव्हतं. 1910च्या अखेरीस ईशान्य चीनमधल्या मांचुरियात फुप्फुसाच्या प्लेगने माणसं पटापट मरत होती. पेनांगमध्ये जन्मलेला आणि केंब्रिजमध्ये शिकलेला डॉक्टर वू लिएन-तेह हार्बिनला पोहोचला आणि म्हणाला, हा उंदरांवरून येत नाहीये, श्वासातून येतोय; कापूस आणि गॉझची पट्टी तोंडावर बांधा. मेनी नावाच्या वडीलधाऱ्या फ्रेंच डॉक्टरने त्याला उडवून लावलं, पट्टी न बांधता रुग्ण तपासले आणि थोड्याच दिवसांत तो त्याच प्लेगने गेला. साथीने सुमारे 60,000 बळी घेतले. आजचा एन95 त्या पट्टीचा फार पुढचा वंशज आहे, पण तो चाळणी आहे असं समजू नये. चाळणीतून बारीक तेवढं निसटतं. इथे अगदी बारीक कणही अडकतात. हवेच्या रेणूंचे धक्के खात ते इतके सैरावैरा पळतात की कुठल्यातरी तंतूवर आपटतातच. मोठे कण स्वतःच्या वेगाने तंतूंवर जाऊन धडकतात. सगळ्यात चिवट मधले, 0.3 मायक्रॉनच्या आसपासचे. त्यांना धरायला तंतूंवर विजेचा कायमस्वरूपी भार दिलेला असतो. पकडायला तेच सगळ्यात अवघड, म्हणून मास्कची चाचणीच त्या आकारावर करतात.

आता ज्या मुखवट्यांविषयी वाचून मी बराच वेळ दुसरं काही करू शकले नाही, त्यांच्याकडे येते. पहिल्या महायुद्धात खंदकातून डोकं वर काढणाऱ्यांचे चेहरे गेले. जबडे, नाकं, डोळे. माणूस जिवंत, चेहरा नाही. अ‍ॅना कोलमन लॅड ही अमेरिकन शिल्पकार 1917च्या अखेरीस पॅरिसला आली आणि तिने रेडक्रॉसच्या मदतीने यांच्यासाठी मुखवट्यांचा स्टुडिओ उघडला. जखमा भरल्या की चेहऱ्याचा प्लास्टरमध्ये साचा घ्यायचा. सैनिकाचा युद्धाआधीचा फोटो समोर ठेवून गेलेला भाग मातीत घडवायचा. मग त्यावरून तांब्याचा पत्रा तयार करायचा, जाडी एक मिलीमीटरच्याही आत. तो चष्म्याच्या काड्यांवर कानांना अडकवायचा. आणि रंग द्यायचा तो माणसाने मुखवटा घातलेला असताना, त्याच्या उरलेल्या कातडीशी मिळवत. तैलरंगाचे पोपडे उडायचे, म्हणून तिने धुता येईल असा मंद झाकीचा इनॅमल वापरला. छटा कुठली निवडायची, तर ढगाळ दिवस आणि लख्ख ऊन यांच्या मधली, कारण कातडी उजेडाप्रमाणे बदलते, पत्रा नाही. दाढी केलेल्या गालावर जी निळसर झाक असते तीसुद्धा ती रंगवायची. भुवया आणि मिशा खऱ्या केसांच्या.

हे सगळं वाचताना तिच्या हाताचं कौतुक वाटतं. पण तेव्हाच्या इंग्लंडमधली एक बारीकशी गोष्ट मला जास्त छळते. सिडकपला अशा सैनिकांचं मोठं रुग्णालय होतं. त्या गावातले काही बाक निळे रंगवलेले होते. निळ्या बाकावर बसलेल्या माणसाकडे बघून तुम्हाला धक्का बसू शकतो, अशी गावकऱ्यांना आगाऊ सूचना. म्हणजे मुखवटा कुणासाठी होता? घालणाऱ्याला तर तो आतून गार, टोचणारा पत्रा होता. त्याने चावता येत नव्हतं, हसता येत नव्हतं, आणि माणूस म्हातारा होत गेला तरी पत्रा पंचविशीतच राहिला. आपल्याला नीट बघता येत नाही, म्हणून त्याने चेहऱ्यावर तांबं वागवायचं.

पार्किन्सनच्या आजारात याच्या उलट घडतं. चेहऱ्याचे स्नायू मंदावतात, पापण्या कमी लवतात. डॉक्टर त्याला मुखवट्यासारखा चेहराच म्हणतात. आत राग, लोभ, विनोद सगळं शाबूत. पण घरची माणसं म्हणतात, ‘यांना आताशा कशाचंच काही वाटत नाही.’ घातलेलाच नाही तो मुखवटा आपण त्यांच्यावर चढवतो.

आणि ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता. तिथे ‘मास्किंग’ म्हणजे लोकांत आपण वेगळे दिसू नये म्हणून दिवसभर केलेली मेहनत. समोरच्याच्या डोळ्यांत किती वेळ बघायचं याचा मनात हिशेब, हसण्याची वेळ साधणं, हाताची सवयीची हालचाल खिशात दडपणं, संभाषण आदल्या रात्री पाठ करून जाणं. 2019 साली हे मोजायची 25 विधानांची एक प्रश्नावलीसुद्धा तयार झाली. पुष्कळ बायकांचं निदान पस्तिशी-चाळिशीपर्यंत होतच नाही, याचं एक कारण हे कसब. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, म्हणतात. दमलो नसल्याचं सोंगही फार दिवस आणता येत नाही. संशोधनात या मेहनतीचं नातं थकवा, चिंता आणि नैराश्याशी पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

माझ्या एका मैत्रिणीचं निदान असंच उशिरा झालं. मला ती कायम हसतमुख, लक्ष देऊन ऐकणारी, सगळ्यांना हवीहवीशी वाटायची. निदानानंतर पहिल्यांदा भेटली तेव्हा म्हणाली, ‘आज मी बोलताना तुझ्याकडे बघणार नाहीये. चालेल ना?’ मी म्हटलं, बघू नकोस. मग खिडकीकडे तोंड करून, हातातल्या किल्ल्या सतत फिरवत, ती शेवाळाविषयी बोलली. शेवाळाला मुळं नसतात, पाणी ते अंगभर पितं, वाळून कोळ झालेलं असलं तरी पाणी पडलं की पुन्हा हिरवं होतं. मला इतक्या वर्षांत तिची ही आवड ठाऊकच नव्हती. बरंच झाल्यावर ती मध्येच थांबली. ‘कंटाळा आला असेल तर तोंडाने सांग हं. चेहऱ्यावरून मला कळत नाही, आणि आता मी कळल्यासारखं दाखवणारही नाही.’

माझ्या चेहऱ्यावर तेव्हा अतिशय रस घेतल्याचा भाव होता. मी म्हटलं, ‘आलाय थोडा.’

‘बरं,’ ती म्हणाली, ‘मग फक्त बीजाणूंचं सांगते आणि चहा टाकते.’